नाकाच्या दारावरचं कुत्रं

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पायरीवर बसून बाजरी निवडत होतो. माझी बायको कौसा सुपात पाखडायची, मी परातीतले खडे काढायचो. पाखडलं की धूळ उडायची आणि धूळ उडाली की मी शिंकायचो. माझ्या शिंका मोठ्यानं मोजायची तिला सवय होती.

"अकरा," ती म्हणाली. "बारा. आवं, तोंड तिकडं करा की. सगळी बाजरी शितोडली."

"तोंड तिकडं केलं तर खडं कोण बघंल?"

"तुमी बघितलेली बाजरी मी परत बघतेच. तुमाला नुसतं बसवलंय."

एकोणिसाव्या शिंकेला तिनं सूप खाली ठेवलं, पदरानं माझं नाक पुसलं, लेकराचं पुसतात तसं, आणि म्हणाली, "नाकाच्या डाक्टरला दाखवा एकदा. शेजारी इचारत्यात, तुमच्यात पिठाची गिरणी लावली का म्हणून."

बाजरी डब्यात भरली. जेवलो. दुपारी तिच्या छातीत कळ आली. रिक्षा मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती. त्याबद्दल मला याहून जास्त लिहायचं नाही. हे लिखाण नाकाबद्दल आहे.

०

मी चौथी शिकलोय. लिहायची सवय गेटवरच्या वहीची, येणाऱ्याचं नाव, वेळ, गाडीचा नंबर. पण औरंगपुऱ्यात डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात बाकावर माझ्यासारखीच माणसं बसलेली बघितली. नाक लाल, डोळे लाल, हातात रुमाल, आणि तोंडावर असं की आपण काही मोठे आजारी नाही, उगाच आलो. त्यांच्यासाठी लिहितो. मी पंधरा वर्षं तसाच बसून राहिलो. दवाखान्यात नाही, घरी.

आमचं घर मेंढपाळाचं. गाव पैठणच्या खालच्या अंगाला. माझा बाप मेंढरं वळायचा, मी पण वळली, लग्नानंतरही चार वर्षं वळली. मग चराई संपली, मेंढरं विकली आणि वाळूजला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागलो. वीस वर्षं केली. शहराच्या कडेला प्लॉट घेतला, दोन खोल्या बांधल्या, नंतर पोरानं, भगवाननं, वर दोन काढल्या. आम्ही आलो तेव्हा समोर शेत होतं. मग तिथं प्लॉटिंग पडलं. रस्ते आखले, दगड रोवले, विकलं, आणि घरं कोणी बांधली नाहीत. ती सगळी जागा गाजरगवतानं धरली. दुष्काळात ज्वारी येत नाही, चारा येत नाही, पण दोन सरी पडल्या की गाजरगवत कमरेएवढं. मेंढरूसुद्धा त्याला तोंड लावत नाही.

भादवा लागला की ते फुलायचं आणि माझं नाक सुरू व्हायचं. आधी टाळूला खाज. मग शिंका. मग पाणी. मग नाक असं बंद की रात्रभर तोंड उघडं टाकून झोपायचं आणि सकाळी जीभ चामड्यासारखी. दिवाळीनंतर थंडी पडली की उतरायचं. मी त्याला सर्दी म्हणायचो. सर्दीला कोण डॉक्टरकडं जातं? मेडिकलवरून नाकात टाकायचे थेंब आणायचो. टाकले की दोन मिनिटांत नाक मोकळं. पहिल्या वर्षी दिवसातून एकदा टाकत होतो. शेवटच्या वर्षी बाटली खिशातच असायची.

०

तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन पैठणला गेलो. धरणाचं पाणी लई आत गेलं होतं. जिथं दरवर्षी पाणी असायचं तिथं तडे गेलेला गाळ. भगवान पुढं मडकं घेऊन, मी मागं. कडेला ओल होती तिथं गाजरगवत फुललेलं. मला शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. गुरुजींनी मंत्र थांबवला आणि म्हणाले, "होऊ द्या तुमचं."

सोबतच्या लोकांना वाटलं मी रडतोय. डोळे सुजलेले, नाक वाहतं, श्वास अडकलेला. पाव्हण्यांनी पाठीवर हात फिरवला. एकजण म्हणाला, "मोकळे व्हा, आप्पा, मोकळे व्हा." मी रडत नव्हतो. ते गाजरगवत होतं. पण तसं सांगायची ती जागा नव्हती.

दहाव्याला तिचे कपडे दिले. आमच्यात ठेवत नाहीत. लुगडी, चोळ्या, चपला, सगळं गेलं. मी फक्त घोंगडी ठेवली. तिच्या बापानं लग्नात दिलेली, त्याच्याच मेंढरांच्या काळ्या लोकरीची. उन्हाळा असो नाहीतर पाऊस, ती पायावर तीच घ्यायची. घोंगडी कोणी धूत नाही, झटकतात आणि उन्हात टाकतात. चाळीस वर्षं तिनं ती अंगावर घेतली होती. मी घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवली. सून वंदनानं पेटी कोपऱ्यात सरकवली.

०

माझं नाक नुसतं वाहत नाही, तर गेलेलं आहे, हे मला कळलंच नव्हतं. कारण कौसा होती. डाळ आंबली की ती सांगायची. दूध लागलं की ती ओरडायची. "आवं, बसलाय की तिथंच!" आम्हा दोघांत एक नाक होतं आणि ते तिचं होतं.

ती गेल्यावर महिनाभरानं एका सकाळी वंदना वर कपडे वाळत घालायला गेली. "मामा, दुधाकडं लक्ष ठेवा." मी ओट्याला पाठ टेकून उभा होतो. दूध उतू जाऊन आटलं, पातेलं करपलं, धूर झाला. मला दिसलं तेव्हा कळलं, वासानं नाही. वंदना धावत खाली आली.

"मामा! जिन्यापर्यंत वास येतोय आन तुमी हितंच हुभे!"

"मला नाय आला."

"कसा नाय आला? घर पेटलं असतं!"

ती पातेलं घासायला बसली. मी खोलीत गेलो आणि पेटी उघडली. का ते सांगतो. मला एकदम वाटलं, दुधाचा नाही आला तर तिचा तरी येतो का बघू. घोंगडीत तोंड खुपसलं आणि जितका ओढता येईल तितका श्वास ओढला. काही नाही. भिंतीला नाक लावल्यासारखं. लोकर टोचली, तेवढंच.

तिच्या अंगाला मिश्रीचा वास होता, चुलीचा होता, डोक्याला लावायच्या तेलाचा होता, आणि त्याखाली तिचा स्वतःचा. तो त्या घोंगडीत आहे हे मला माहीत होतं. तो रोज थोडा थोडा उडत चाललाय हे पण माहीत होतं. मेंढरं वळलेल्या माणसाला वासाचं शिकवावं लागत नाही, तो किती टिकतो हे कळतं. वास उडून जायच्या आत नाक उघडायला पाहिजे होतं. एवढं एकच काम माझ्याकडं उरलं होतं.

मी बाहेर येऊन वंदनाला म्हणालो, "नाकाच्या डाक्टरकडं चल."

तिनं पातेलं घासता घासता वर बघितलं. "आत्याबाई पंधरा वर्षं सांगत व्हत्या. तवा नाय उठलात."

"आता उठलो."

०

डॉक्टरीणबाई पोरीच्या वयाच्या. नाकात दिवा घालून बघितलं, मग खिशातली बाटली बघितली.

"हे थेंब किती दिवस टाकताय, बाबा?"

"दिवस नाय, वर्षं."

त्यांनी बाटली उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. "चार-पाच दिवसांच्या वर टाकायचं नसतं हे. याच्यानं नाक उघडत नाही, जास्त सुजतं. पहिला आठवडा तुम्हाला त्रास होईल. माझ्यावर चिडा, पण दुसरी बाटली आणू नका."

मी चिडलो. घरी येऊन चिडलो. पण आणली नाही. तुम्ही कोणी असली बाटली खिशात ठेवत असाल तर आजच डॉक्टरला दाखवा. मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणजे कौसानं सांगितलं होतं.

नंतरच्या खेपेला हातावर तपासणी केली. मनगटापासून कोपरापर्यंत थेंबांच्या दोन ओळी आणि प्रत्येक थेंबावर सुईचा टोचा. मग पंधरा मिनिटं हात हलवायचा नाही, खाजवायचा नाही. एका ठिकाणी चिंचोक्याएवढी गांध उठली. गाजरगवत. दुसरीकडं थोडी लहान. घरातल्या धुळीतले किडे, जे डोळ्याला दिसत नाहीत.

"ही सर्दी नाही," बाई म्हणाल्या. "ॲलर्जी आहे. मरत नाही कोणी याच्यानं, पण जगणं निम्मं होतं."

हे मला पटलं. कोणी असं सरळ सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "घरात गाद्या, गोधड्या, घोंगड्या, जुनं लोकरीचं काही? असेल तर काढून टाका, नाहीतर कडक गरम पाण्यात धुवा."

"नाय," मी म्हणालो. "तसलं काय नाय."

वंदना माझ्या शेजारी बसली होती. ती भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडं बघत राहिली.

०

तिसऱ्या खेपेला गर्दी कमी होती. मी बाईंना विचारलं, हे होतं कसं. गवत तिकडं, मी इकडं, मी त्याचं काय केलं?

त्या म्हणाल्या, "नाकाच्या आतल्या कातडीवर वॉचमन बसलेले असतात, असं समजा. बाहेरून जंतू आला की ओरडायचं हे त्यांचं काम."

"म्याडम, मी वीस वर्षं वॉचमन होतो. आमी वरडत नाय. आमी पास बघतो."

त्या हसल्या. "बरोबर आहे. पास बघणारे पण असतात, पण ते मागे बसतात आणि ते शिकून तयार होतात. कोण कोणता ते लक्षात ठेवतात. मी सांगतेय ते दारावरचे. त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, जन्मतःच येतं. ते नाव-गाव बघत नाहीत. जंतूच्या अंगावर एक ठरावीक नक्षी असते, तेवढीच ओळखतात. नक्षी दिसली की आरडाओरडा. त्यांना रिसेप्टर म्हणतात."

"मंग ते वॉचमन नाय," मी म्हणालो. "ते कुत्रं."

"कुत्रं म्हणा."

"कुत्र्याला पण कोण शिकवत नाय. लांडग्याचा वास आला की पिल्लू असलं तरी भुंकतं. पण गवत म्हंजी लांडगा नाय."

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलं. गवताच्या फुलाची धूळ एकटी येत नाही. तिच्या अंगाला जंतूंचे बारीक तुकडे चिकटलेले असतात, रस्त्याची, बांधकामाची घाण असते. घरच्या धुळीतल्या किड्यांचा एक अंश तर असं सोंग घेतो की दारावरच्याला जंतूच आला असं वाटतं. दारावरचा भुंकतो. त्याचा आवाज ऐकून मागचे पास बघणारे उठतात, आणि ते गवताचं नाव चोर म्हणून वहीत लिहून ठेवतात. मग दरवर्षी फूल आलं की वही काढायची आणि सगळं गाव जागं करायचं. शिंका, पाणी, सूज, सगळं त्या गोंधळाचं. चोर कोणीच नसतो.

"यातलं सगळं अजून उलगडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "कोणाच्या नाकात हे भुंकतात आणि कोणाच्या गप्प बसतात, त्याच्यावर काम चालू आहे."

मी त्यांना आमच्यातली एक गोष्ट सांगितली. मेंढीचं पिल्लू मेलं आणि कळपात दुसरं पिल्लू पोरकं असलं, की मेलेल्याचं कातडं सोलून पोरक्याच्या अंगावर बांधतात. मेंढी वास घेते, आपलंच समजते आणि पाजते. तिला पिल्लू दिसत नाही, कातडं कळतं. "हितं उलटं हाय," मी म्हणालो. "गवताचं गरीब पिल्लू लांडग्याचं कातडं पांघरून आलंय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बाबा, हे मी दुसऱ्या पेशंटना सांगू का?"

"सांगा. पर कातडं कसं बांधायचं ते इचारतील. ते तुमाला येत नाय."

मग मी माझ्या मनातलं विचारलं. मी मेंढरांत जन्मलो, लेंड्यांत लोळलो. मला असलं शहरी दुखणं का? त्या म्हणाल्या, जी पोरं जनावरांत वाढतात त्यांच्या दारावरची कुत्री लहानपणीच माणसाळतात, त्यांना ॲलर्जी कमी होते असं दिसलंय. कमी, म्हणजे कोणालाच नाही असं नाही. त्यात गाजरगवत माझ्या लहानपणी आमच्या रानात नव्हतंच. "आणि वीस वर्षं तुम्ही कारखान्याच्या गेटवर धूर खाल्लात. नेमकं कशानं ते मी सांगू शकत नाही. जे माहीत नाही ते माहीत नाही."

मला त्या बाईंचं हे आवडलं.

परत येताना वंदनाच्या गाडीवर मागं बसून विचार केला. माझ्या दारावरचं कुत्रं पंधरा वर्षं गवतावर भुंकत होतं. आणि कौसा चार दिवस म्हणत होती, छातीत जळजळतंय, आणि मी म्हणत होतो, पित्त असंल, आलं खा. तिच्याकडं खरा चोर आला तेव्हा कोणीच भुंकलं नाही. मी पण नाही. मी तर पगारी वॉचमन होतो.

०

औषध सोपं होतं, मीच अवघड होतो. एक गोळी रात्रीची. सकाळी मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं, उकळून गार केलेल्या. मग नाकात फवारा. पहिले आठ दिवस मी फवारा मारला की तपकीर ओढल्यासारखा जोरात ओढायचो आणि सगळा घशात. कडू. बाईंनी करून दाखवलं. मान खाली, नळीचं तोंड कानाकडं, श्वास हळू. आठ दिवसांचं औषध मी गिळलं होतं.

थेंब बंद केल्यावर पहिला आठवडा वाईट गेला. भिंतीला टेकून बसून झोपायचो. खोटं सांगत नाही, दोनदा मेडिकलपर्यंत गेलो आणि परत आलो.

पाण्याचं पण होतं. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, आणि त्यात माझ्या नाकाला रोज एक तांब्या. मी म्हणालो, अर्धाच घेतो. वंदना म्हणाली, "मी लादी पुसत नाय रोज. तुमी नाक धुवा. कशाला तरी लागंल पाणी." पाय धुवायला पाणी नसलेल्या घरात सुनेनं सासऱ्याच्या नाकाला पाणी राखून ठेवलं. ही गोष्ट मी विसरणार नाही.

भगवानचं आणि माझं मात्र वाजलं. बाईंनी दिलेला कागद त्यानं एका रविवारी वाचला आणि पेटीकडं बोट केलं.

"ही घोंगडी कशाला ठेवली? हितं लिहिलंय सरळ."

"ती बंद पेटीत हाय."

"तुमी डाक्टरला सांगितलं व्हतं का, हाय म्हणून?"

मी पेटीवर हात ठेवला.

"खोटं बोललात. मंग पैठणला शिंकताय, घरी शिंकताय, कशाला जायचं डाक्टरकडं? आईचं म्हणून धूळ सांभाळायची का?"

"तुझी आई धूळ नाय."

"मी तसं म्हणालो का?" त्याचा आवाज चिरकला. तोही आई गेल्यापासून गप्पच होता, हे मला तेव्हा दिसलं. माझ्याच मापानं घडलेला आहे.

वंदना स्वयंपाकघरातून म्हणाली, "जिन्याखाली ठेवू पेटी. दोरी बांधू. बंद पेटीतली घोंगडी उठून मामांच्या नाकात जात नाय." पेटी जिन्याखाली गेली. दोरी भगवाननंच बांधली. आणि दुसऱ्या दिवशी त्यानं गल्लीतली चार माणसं गोळा करून समोरच्या प्लॉटवरचं गाजरगवत उपटलं. फुलात असताना उपटलं, त्यामुळं मला तीन दिवस दार लावून बसावं लागलं. फुलायच्या आधी उपटायचं असतं, हातात पिशव्या घालून, तोंड बांधून. हे पण लिहून ठेवतो. त्याचा हेतू चांगला होता.

०

पहिला वास आला तो गटाराचा. सकाळी दार उघडलं आणि भस्सकन आला. मी दारात उभा राहून तो घेतला. शेजारीण म्हणाली, "काय झालं, आप्पा?" मी म्हणालो, "गटार तुंबलंय." ती म्हणाली, "ते तर दोन वर्षांपास्नं तुंबलंय."

मग एकेक येत गेले. टँकरच्या पाण्याचा औषधी वास. वंदनाच्या फोडणीचा, आधी नुसता झणका, नंतर जिरं वेगळं आणि लसूण वेगळा. भगवानच्या कामाच्या शर्टाचा, तेलकट लोखंडाचा. मी घाई केली नाही. पेटीकडं गेलो नाही. अर्ध्या नाकानं गेलो तर अर्धंच मिळेल, आणि दर वेळी पेटी उघडली की थोडं उडून जाईल. म्हणून आधी स्वतःची परीक्षा घेतली. डोळे मिटून बसायचो आणि वंदना पुढं काहीतरी धरायची. हिंग. साबण. रॉकेलची बाटली. आल्याचा तुकडा.

"हे?"

"चहापत्ती."

"हे?"

"कायच नाय. रिकामा हात."

"पास," ती म्हणाली.

त्या दिवशी संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर जिन्याखालून पेटी काढली. दोरी सोडली. वंदना मागं उभी राहिली, मी म्हणालो नाही की जा. झाकण उघडलं.

तंबाखू. तंबाखू आणि कडुलिंब. दुसरं काही नाही.

मग मला आठवलं. दहाव्याला घोंगडीची घडी घालताना मी प्रत्येक घडीत कडुलिंबाचा पाला आणि तंबाखूची पानं घातली होती. लोकरीला कसर लागू नये म्हणून आमच्यात घालतात. बाप घालायचा, मी घालायचो. घोंगडी ठेवायची म्हटलं की हात आपोआप पाल्याकडं जातात, विचारावं लागत नाही. तेव्हा नाक बंद होतं. नाक चालू असतं तर पहिल्या पानालाच कळलं असतं. कौसा असती तर ओरडली असती.

मी पाला काढला. झटकून झटकून काढला. किनार हुंगली, मधली शिवण हुंगली, पायाकडची बाजू, डोक्याकडची. सगळीकडं तंबाखू. माझं नाक तेव्हा गेल्या पंधरा वर्षांत चाललं नव्हतं इतकं चांगलं चालत होतं.

वंदनानं एक टोक हातात घेतलं, नाकाला लावलं. "मला येतोय थोडा, मामा. आत्याबाईंचा."

"खोटं बोलू नको."

"तुमी डाक्टरला बोललात ते चालतं व्हय?"

मला हसू आलं. मग ते हसू राहिलं नाही. या वेळी गवत नव्हतं. वंदनानं घोंगडीचं टोक सोडलं नाही. भगवान कामावरून आला, दारातच चपला काढत थांबला, आणि आत न येता तिथंच पायरीवर बसला.

०

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. वास गेलाच होता, मग आता बाईंचं ऐकायचं ठरवलं. नाक धुतलं, फवारा मारला, तोंडाला रुमाल बांधला. मोठ्या पातेल्यात पाणी कडक तापवलं आणि घोंगडी गच्चीवर नेली. वंदना म्हणाली, "द्या, मशीनला टाकते." मी म्हणालो, लोकर मशीनला देत नसतात. घमेल्यात घातली, साबणाचा चुरा टाकला, कोमट होईपर्यंत थांबलो आणि पायानं तुडवली, जशी विणल्यावर तुडवतात. पाणी काळं निघालं. दुसऱ्यांदा तुडवली, कमी काळं निघालं. तिसऱ्यांदा घ्यायला पाणी उरलं नव्हतं. एका टोकाला भगवान, एका टोकाला मी, अशी पिळली आणि दोरीवर वाळत घातली.